प्रश्न तुमचे: हाडात गाठ निघालीय, कॅन्सरची नाही, मग आता काय?

या वेळी हाडातल्या गाठींवर इतकी पत्रं आलीत की अख्खा कॉलम त्यालाच देतेय. बहुतेक पत्रं आईवडिलांची आहेत, ठाणे-कळव्यापासून पनवेलपर्यंतची. नावं काढून टाकलीत, पत्रं थोडी छोटी केलीत, बाकी शब्द तुमचेच आहेत.

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझा मुलगा १५ वर्षांचा, दहावीला आहे, शाळेच्या कबड्डी टीममध्ये खेळायचा. गेल्या पावसाळ्यापासून उजवी मांडी दुखते म्हणतो, गुडघ्याच्या वर वीतभर. दिवसा चालतं, रात्री दोन-अडीचला पाय धरून उठून बसतो. सासूबाई तेल लावून चेपून द्यायच्या. एका डॉक्टरांनी एक्सरे काढला तो नॉर्मल आला, वाढीचं वय आहे म्हणाले आणि व्हिटॅमिन डी दिलं. क्लासचे सर तर म्हणाले अभ्यास टाळायला करतोय. कॉम्बिफ्लाम दिली की अर्ध्या तासात झोपतो. शेवटी एमआरआय केला, त्यात इन्फेक्शन किंवा ट्यूमर असं लिहून आलं आणि घरात नुसती रडारड. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी करायला लावला, त्यात ७ मिलिमीटरचा नायडस, म्हणजे गाठीचा मधला गाभा, दिसला, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा म्हणाले. आता एक सर्जन म्हणतात उघडून हाडाचा तुकडा काढू, प्लेट लागेल कदाचित. दुसरे म्हणतात सुईने जाळून टाकू, दुसऱ्या दिवशी घरी. इतकं सोपं कसं असेल? काही आत राहून गेलं तर? आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय. (कळवा)

उत्तर: ताई, सगळ्यात आधी मुलाला जवळ बसवून सांगा की तुझं दुखणं खरं होतं, नाटक म्हणणारे चुकले. इतके महिने रात्र रात्र जागलेल्या पोराला हे घरच्यांच्या तोंडून ऐकायची फार गरज असते.

तुम्ही लिहिलंय ना, एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी, रात्री वाढणारं आणि गोळीने पटकन उतरणारं, हे ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचं अगदी ठरलेलं वर्णन आहे. वाढीच्या वयातलं दुखणं वेगळं असतं, ते बहुतेक दोन्ही पायांत असतं, आज पोटरी उद्या मांडी असं जागा बदलत राहतं आणि सकाळी पोरगं उड्या मारत शाळेत जातं. एकाच हाडात एकाच जागी आठवड्यांमागून आठवडे दुखत असेल तर एक्सरे नॉर्मल आला म्हणून तिथंच थांबायचं नाही, हे मी ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगते, कारण याच वयात, याच मांडीत, क्वचित का होईना पण हाडाचा खराखुरा कॅन्सरही निघतो आणि तिथं गेलेले महिने परत येत नाहीत.

तुमच्या मुलाचं तसं नाहीये. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा कॅन्सर नाही आणि पुढे जाऊन कॅन्सर होतही नाही. न्यूयॉर्कच्या जॅफे नावाच्या डॉक्टरांनी १९३५ साली हा आजार वेगळा काढून दाखवला, तेव्हापासून त्याचं वागणं आपल्याला नीट माहीत आहे. पाच ते पंचवीस या वयात जास्त, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त, आणि जागा बहुतेक वेळा मांडीचं नाहीतर नडगीचं हाड. खरा आजार म्हणजे तो नायडस, तुरीच्या दाण्याएवढा. त्याच्याभोवती हाड जाड आणि पांढरं होतं, सूज येते, पण तो सगळा परिणाम आहे. नायडसमध्ये प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन भरपूर तयार होतं आणि त्यात बारीक नसाही असतात, म्हणून एवढीशी गोष्ट एवढी ठणकते, आणि कॉम्बिफ्लाममधलं आयबुप्रोफेन नेमकं तेच रसायन अडवतं म्हणून तुमचा मुलगा अर्ध्या तासात झोपतो.

एमआरआयने घाबरवलं त्याचंही कारण हेच. एमआरआयमध्ये आजूबाजूची सूज ठळक दिसते आणि मधला बारका नायडस त्यात हरवतो, मग रिपोर्ट लिहिणारा इन्फेक्शन, ट्यूमर सगळंच लिहितो. हा नायडस पकडायला पातळ कापांचा सीटी लागतो. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी अगदी बरोबर तपासणी सांगितली.

आता उपचार. एक रस्ता नुसत्या गोळ्यांचा. हा आजार काही वर्षांनी आपोआप थंड पडू शकतो, पण तोपर्यंत रोज पेनकिलर म्हणजे पोट आणि किडनी दोन्हीवर भार, आणि वाढत्या वयातल्या पोराला मी हा रस्ता सहसा सांगत नाही. मनाने तर अजिबात देत राहू नका, आणि लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, त्यातून रे सिंड्रोम नावाचा लिव्हर आणि मेंदूचा गंभीर त्रास होऊ शकतो.

दुसरा रस्ता उघडून काढायचा, जुना आणि खात्रीचा, पण अडचण अशी की हाड बाहेरून सारखंच दिसतं, नायडस नेमका कुठे ते ऑपरेशन करताना डोळ्याला कळत नाही, मग तो सुटू नये म्हणून मोठा तुकडा काढावा लागतो. हाड तिथं कमजोर होतं, म्हणून कधी प्लेट, कधी बोन ग्राफ्ट म्हणजे खड्ड्यात दुसरीकडचं हाड भरणं, आणि कित्येक आठवडे पायावर जोर द्यायचा नाही. तुमचे पहिले सर्जन खोटं बोलत नाहीयेत, त्यांच्या पद्धतीत ते खरंच लागतं.

तिसरा रस्ता सुईचा, रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन, सगळे आरएफए म्हणतात. बोस्टनच्या रोझेंथल आणि त्यांच्या टीमने १९९२ मध्ये पहिले पेशंट छापले, म्हणजे यात नवीन किंवा प्रयोग म्हणून करण्यासारखं काही उरलेलं नाही. पोराला सीटीच्या टेबलावर झोपवून पूर्ण भूल देतात, मांडीवर करंटचे पॅड लावतात, सीटीवर बघत बघत काही मिलिमीटरच्या छेदातून हाडाला बारीक ड्रिल करत नायडसपर्यंत जातात, तपासणीसाठी कण काढतात आणि त्याच वाटेने इलेक्ट्रोड आत सारतात. त्याचं टोक साधारण ९० डिग्रीपर्यंत तापवून पाच-सहा मिनिटं ठेवायचं, एवढंच. टोकाभोवतीचा सुमारे एक सेंटिमीटरचा गोळा शिजतो, ७ मिलिमीटरचा नायडस त्यात आरामात बसतो. त्या खोलीत एक गोष्ट दर वेळी बघण्यासारखी असते, पोरगं गाढ भुलीत असतं आणि सुई नायडसला टेकली रे टेकली की मॉनिटरवर नाडी एकदम वर जाते, भूल देणारे डॉक्टर लगेच भूल वाढवतात, आणि आम्हाला कळतं की बरोबर जागी पोचलोय. म्हणूनच हे नुसती जागा बधिर करून करायचं काम नाही, नीट भूल हवी.

बाहेर काढताना टाका नसतो, असला तर एखादा. बऱ्याच पोरांचं रात्रीचं दुखणं त्याच रात्री किंवा दोन-चार दिवसांत जातं, आणि आयांचे फोन येतात की मॅडम, हा सकाळपर्यंत उठलाच नाही, असे फोन मला फार आवडतात. १०० पैकी ९० हून जास्त जणांचं एका वेळेत काम होतं. राहिलंच किंवा परत आलंच तर पुन्हा सुईनेच करता येतं, आधी सुई केली म्हणून नंतरचं ऑपरेशन अवघड होत नाही. परत यायचं असेल तर बहुतेक पहिल्या दोन वर्षांत येतं, तेवढा काळ डॉक्टरांच्या संपर्कात राहा.

सगळ्यांनाच सुई चालते असं नाही हां. नायडसच्या अगदी शेजारून, एक सेंटिमीटरच्या आतून, मोठी नस जात असेल, मणक्यात असेल, हाताच्या बोटात असेल तर उष्णता नसेला किंवा कातडीला पोचू शकते. तिथं काही वेळा उघडून काढणं बरं, काही ठिकाणी गोठवून मारायची पद्धत किंवा बाहेरून अल्ट्रासाऊंडच्या लाटा एकवटून जाळायची पद्धत वापरतात, ती सगळीकडे मिळत नाही. तुमच्या मुलाचं मांडीत, खोल, गुडघ्याच्या वर आहे, पत्रावरून तरी मला सुईला हरकत दिसत नाही, पण सीटीची सीडी घेऊन जे करणार आहेत त्या इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टना आणि हाडांच्या गाठींचं काम करणाऱ्या सर्जनना दोघांनाही दाखवा, आणि सरळ विचारा की नस नायडसपासून किती अंतरावर आहे, हे तुम्ही आधी किती वेळा केलंय. विचारल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. काढलेल्या कणाच्या रिपोर्टमध्ये कधी कधी काहीच पक्कं येत नाही, कारण कण फारच बारका असतो, त्याने घाबरू नका.

परीक्षेचं म्हणाल तर पोरगं एक-दोन दिवसांत चालत घरी येतं आणि त्याच आठवड्यात अभ्यासाला बसू शकतं. कबड्डी, धावणं, उंचावरून उड्या मात्र साधारण तीन महिने बंद, हाडात पाडलेलं भोक भरायला वेळ लागतो. खर्चाचं आधी लेखी एस्टिमेट मागा, त्यात सीटी, भूल आणि इलेक्ट्रोड हे वेगवेगळे लिहून घ्या, इलेक्ट्रोडचा आकडा मोठा असतो. महात्मा फुले योजनेत बसतं का ते त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला अ‍ॅडमिट होण्याआधी विचारा, नंतर नाही. आणि कुणी परळच्या टाटाला जा म्हटलं तर हात-पाय गाळू नका, तिथं हाडांच्या गाठींची वेगळी टीम आहे, तिथली पायरी चढणारा प्रत्येक जण कॅन्सरचाच असतो असं नाही.

प्रश्न: मुलगी १० वर्षांची. सोसायटीत लगोरी खेळताना जोरात चेंडू मारला आणि खांद्याखाली हात मोडला, पडली पण नव्हती. एक्सरेत कळलं की हाड आधीच आतून पोकळ होतं, पाण्याची गाठ आहे म्हणाले. आता स्लिंगमध्ये हात आहे. सिस्ट भरायला इंजेक्शन देऊ म्हणतात, नातेवाईक म्हणतात लगेच ऑपरेशन करून टाका, माझी तर झोप उडालीय. (कोपरखैरणे)

उत्तर: दादा, चेंडू मारताना हात मोडणं ऐकायला भयंकर वाटतं, पण साध्या बोन सिस्टचा पत्ता बहुतेक असाच लागतो. दंडाच्या हाडाचं खांद्याकडचं टोक ही तिची आवडती जागा. आत पिवळसर पाणी असतं, भिंत पातळ होत जाते आणि एक दिवस साध्या झटक्याने मोडते. एक्सरेत कधी कधी हाडाची बारीक कपची आत पाण्यात पडून तळाला गेलेली दिसते, तसं दिसलं तर निदान जवळपास पक्कंच.

आत्ता घाई नको. आधी फ्रॅक्चर जुळू दे, या वयात दंड लवकर जुळतो. थोड्या मुलांमध्ये, १०० मधल्या दहाएक म्हणा, फ्रॅक्चर जुळता जुळता सिस्टही आपोआप भरते. उरलेल्यांसाठी सुईचा उपचार आहे. भूल देऊन दोन सुया घालतात, पाणी काढून बघतात, एक्सरेवर दिसणारं औषध सोडून कप्पे किती आहेत ते बघतात आणि मग स्टेरॉइड, काही ठिकाणी मुलीच्याच कमरेच्या हाडातला मगज किंवा हाड भरणारं कृत्रिम मिश्रण सोडतात. स्टेरॉइडचं काम इटलीतल्या स्कॅग्लिएट्टींनी सत्तरच्या दशकात सुरू केलं, ते अजून चाललंय. हे स्टेरॉइड ऐकून घाबरू नका, ते हाडाच्या आत एका जागी दिलं जातं, रोजच्या गोळ्यांसारखं नाही.

पण एक खरं सांगते, एका इंजेक्शनात संपलं असं कमी होतं. काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा द्यावं लागू शकतं, आणि दहाच्या आसपासच्या वयात, सिस्ट वाढीच्या पट्टीला, म्हणजे हाड जिथून लांब होतं त्या भागाला, चिकटून असेल तर परत पाण्याने भरायचं प्रमाण जास्त. हे आधी कळलं तर दुसऱ्या वेळी फसवल्यासारखं वाटत नाही. दुसरा पर्याय लवचिक नेल, म्हणजे बारीक सळई, छोट्या छेदातून हाडात सारायची, हाडाला आधारही मिळतो आणि पाणीही वाट काढत राहतं. मोठं ऑपरेशन करून खरवडून काढणं हे दंडाच्या सिस्टला मी शेवटी ठेवीन, कारण वाढीची पट्टी जवळ असते आणि तिला धक्का लागला तर हात आखूड राहू शकतो, आणि सिस्ट मात्र वाढ पूर्ण झाल्यावर बहुतेक वेळा शांतच होणार असते.

हीच सिस्ट मांडीच्या हाडाच्या मानेत, खुब्यापाशी असती तर मी उलटं सांगितलं असतं की थांबू नका, तिथं मोडलं तर खुब्याचं डोकं खराब व्हायची भीती असते. आणि सुई घातल्यावर पिवळ्या पाण्याऐवजी रक्तच आलं तर डॉक्टर थांबून परत विचार करतील, त्याला कारण पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न: मी १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगला. कमरेच्या हाडात अ‍ॅन्युरिझ्मल बोन सिस्ट निघालीय. बायोप्सी झाली, साधी आहे म्हणाले. आता डॉक्टर पॉलिडोकॅनॉलची इंजेक्शनं देणार, दर काही आठवड्यांनी. नेटवर बघितलं तर ते पायातल्या फुगलेल्या शिरांचं औषध आहे! हाडात का देतायत? (नेरुळ)

उत्तर: तू बघितलंस ते बरोबर आहे, आणि याच कारणाने ते तुझ्या हाडात चालतं. अ‍ॅन्युरिझ्मल सिस्ट म्हणजे हाडात रक्ताने भरलेले कप्पे. पॉलिडोकॅनॉल रक्तवाहिनीचं आतलं अस्तर मारतं, मग तो कप्पा आखडतो, हळूहळू घट्ट होतो आणि काही महिन्यांत एक्सरेवर तिथं हाड भरताना दिसतं. यात आपल्या देशातलं काम फार महत्त्वाचं आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी ७२ पेशंटचा अनुभव २००६ साली ब्रिटिश हाडांच्या जर्नलमध्ये मांडला, नुसत्या या इंजेक्शनांनी जवळपास सगळे बरे झाले होते, सरासरी तीन इंजेक्शनं लागली होती. कमरेच्या हाडात तर याचा फायदा जास्तच, कारण तिथं उघडून खरवडायला गेलं की रक्तस्राव खूप होतो आणि जागा खोल असते.

बायोप्सी आधी झाली हे वाचून मला हायसं वाटलं. एमआरआयमध्ये या सिस्टमध्ये रक्ताचे थर दिसतात, पण एका प्रकारच्या ऑस्टिओसार्कोमातही, म्हणजे हाडाच्या कॅन्सरमध्येही, तसेच थर दिसू शकतात. न तपासता औषध सोडलं आणि नंतर तो कॅन्सर निघाला तर सगळाच घोळ होतो. म्हणून हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, रक्ताची गाठ आहे म्हटलं की आधी तुकडा तपासा, आणि बायोप्सीची सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करायची वेळ आली तर जो करेल त्या सर्जननेच ठरवायचं. बायोप्सीची वाट चुकली तर, कॅन्सर निघाल्यावर जास्त हाड-मांस काढावं लागतं.

इंजेक्शननंतर काही दिवस ठणका आणि सूज असते, टोचल्या जागी कातडीचा रंग थोडा उतरू शकतो. दर वेळी एक्सरे बघूनच पुढचं ठरतं. मानेच्या मणक्यात ही औषधं धोक्याची ठरू शकतात, तुझी जागा ती नाही. मधे दुखणं कमी झालं म्हणून ट्रेकला जाऊ नकोस, दुखणं आधी कमी होतं, हाड नंतर भरतं.

प्रश्न: नातू १२ वर्षांचा, घोटा मुरगळला म्हणून एक्सरे काढला तर वर नडगीच्या हाडात डाग दिसला, नॉन ऑसिफाइंग फायब्रोमा लिहिलंय. त्याला काही होत नाही, दुखत नाही. सुईने काढून टाकावं का? (पनवेल)

उत्तर: काका, नका काढू. न दुखणारा, छोटा, कडेला असलेला, स्पष्ट पांढऱ्या किनारीचा असा डाग कितीतरी धडधाकट मुलांच्या हाडात असतो आणि वाढ पूर्ण होता होता भरून जातो. बायोप्सीही नको. डॉक्टरांनी सांगितलं तर काही महिन्यांनी एक एक्सरे काढा. डाग हाडाच्या अर्ध्याहून जास्त रुंदीचा असेल तरच मोडायची काळजी, तसं असेल तर खेळाबद्दल विचारून घ्या. नाहीतर पोराला मैदानात जाऊ द्या.

प्रश्न: मुलगी १४ वर्षांची, गुडघ्याच्या आतल्या बाजूला वर टणक गाठ आहे, ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणालेत. गावाकडचे एक हाडवैद्य म्हणतात मालिशने बसवतो. सुईने जात असेल तर तेच करावं म्हणतोय. (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: ताई, ही मालिशने बसत नाही आणि सुईनेही जळत नाही. ते हाडावर उगवलेलं जास्तीचं हाडच आहे, वर कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, टोपी असलेलं. दाबून चोळलं तर गाठीवरची पाण्याची पिशवी सुजते, देठ बारीक असेल तर मोडूही शकतो, तेव्हा हाडवैद्यांना नमस्कार करा आणि नको म्हणा. मुलीची वाढ होईल तशी गाठही थोडी वाढेल, वाढ थांबली की तीही थांबायला हवी. सायकल चालवताना स्नायू अडकून टक् टक् वाजत असेल, नस दबून पायाला मुंग्या येत असतील, कपडे घालताना दुखत असेल तर छोट्या ऑपरेशनने मुळापासून काढतात, आणि जमत असेल तर वाढ पूर्ण होत आल्यावर काढलेली बरी, परत यायची शक्यता कमी होते. अंगावर अशा गाठी बऱ्याच ठिकाणी असतील किंवा घरात आणखी कुणाला असतील तर तसं डॉक्टरांना नक्की सांगा, तो आनुवंशिक प्रकार असतो आणि त्याच्यावर नजर ठेवायची पद्धत वेगळी आहे. वाढ थांबल्यानंतरही गाठ वाढायला लागली किंवा नव्याने दुखायला लागली तर एमआरआय करून कूर्चेची टोपी किती जाड आहे ते मोजून घ्यायचं, ती दोन सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर त्याच आठवड्यात हाडांच्या गाठीवाल्या सर्जनची अपॉइंटमेंट घ्या.